धापेचं माप

धाप लागणाऱ्या माणसाच्या मनात गावाचा एक निराळाच नकाशा असतो. त्यात चौक, पेठा, देवळं मागे पडतात आणि टेकायच्या जागा पुढे येतात. कुठल्या दुकानाचा बाक सकाळी रिकामा असतो, कुठल्या कट्ट्यावर दुपारी कडुनिंबाची सावली येते, कुठला जिना एका दमात चढता येतो आणि कुठल्या जिन्याला मध्ये थांबावंच लागतं, हे त्याला पाठ असतं. माझे मामा सोलापूरच्या पूर्वभागात राहायचे. घरापासून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंतची वाट त्यांनी अशा थांब्यांनी बांधून काढली होती. आधी सायकलच्या दुकानासमोरचा दगड. मग पिठाच्या गिरणीची पायरी, पण गिरणी चालू असली की तिथं बसायचं नाही, पीठ उडतं. मग रसाच्या गुऱ्हाळाचं बाकडं. त्यापुढचं अंतर मोठं, म्हणून तिथं जरा जास्त वेळ. प्रत्येक थांब्यावर ते दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकत, ओठांचा चंबू करत आणि हवा हळूहळू सोडत. मी शेजारी उभी असे. बोलायचं नाही हे मला कळलेलं होतं. त्या वेळी त्यांच्याकडे बोलण्यापुरती हवा नसायची.

ही बैठक त्यांना कुणी शिकवली नव्हती. हात रोवले की खांदे स्थिर होतात. खांदे स्थिर झाले की मानेचे आणि छातीचे जे स्नायू एरवी श्वासाच्या कामात फारसे पडत नाहीत, ते बरगड्या वर उचलायला मोकळे होतात. ओठ आवळून हवा सोडली की श्वासनलिकांमध्ये थोडा दाब टिकतो आणि त्या मध्येच मिटत नाहीत. फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. मामांच्या शरीरानं ते स्वतःचं स्वतः शोधलं होतं.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी यंत्रमागावर काढली. सोलापुरी चादर आणि टॉवेल देशभर गेले ते अशा असंख्य माणसांच्या हातांतून. मागांच्या कारखान्यात सुताची तूस सतत तरंगत असते. भुवयांवर, दंडावर, डब्याच्या झाकणावर बसलेली दिसते, आत किती गेली ते दिसत नाही. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला कापसाच्या धुळीनं छाती आवळून येते, ही कापडकामगारांच्या वैद्यकातली फार जुनी नोंद आहे. मामा तो कामाचाच भाग समजत. त्यावर बिडी होतीच. घरात मामी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. खोलीत तंबाखूचा खकाणा भरून राहिलेला. मामीनं आयुष्यात बिडी ओढली नाही, पण खोकला तिलाही होता. लग्नानंतरची बरीच वर्षं तिनं चुलीपुढे काढली होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडलं होतं. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी आणि लाकूड, शेणी, काटक्या यांचा धूर घेणारे सुमारे ३०० कोटी. फुफ्फुसाचा हा जुनाट आजार फक्त धूम्रपान करणाऱ्यांचा असतो हा समज त्या लेखानं मोडला. आमच्या एका खोलीत दोन्ही बाजू शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. एक मागावरून आलेली, एक चुलीपुढून उठलेली.

डॉक्टर या आजाराला सीओपीडी म्हणतात. गल्लीत सगळ्यालाच दमा म्हणतात. यात श्वासनलिका सुजून अरुंद होतात आणि फुफ्फुसातल्या कोट्यवधी वायुकोशांच्या भिंती हळूहळू ढासळतात. निरोगी फुफ्फुस श्वास घेताना ताणलं जातं आणि सोडताना आपल्याच लवचिकपणानं आक्रसतं. सीओपीडीत तो लवचिकपणा जातो. माणसाला वाटतं श्वास आत जात नाही. खरी अडचण असते ती बाहेर पडण्याची. आधीचा श्वास पुरता सोडून व्हायच्या आत पुढचा घ्यावा लागतो, चालण्याचा वेग वाढला की ती ओढ आणखी वाढते आणि प्रत्येक पावलागणिक छातीत थोडी थोडी हवा साठत जाते. भरलेल्या छातीत आणखी हवा घ्यायची, तीही सपाट होऊन थकलेल्या श्वासपटलाच्या जोरावर. मामा एकदा म्हणाले, “आत यायला तयार आहे गं ती, पण तिला जागाच नाही.” पुढे मी या आजारावर पुष्कळ वाचलं, पण इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलेलं सापडलं नाही.

छातीच्या डॉक्टरांनी मशीनमध्ये फुंकायची चाचणी केली. छाती गच्च भरून घ्या, आता जोरात सोडा, सोडा, सोडत राहा. पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडली यावरून आजाराची पायरी ठरते. मामांचा आकडा निम्म्याच्या खूप खाली होता. बिडी बंद झाली. पंप सुरू झाला. पावसाळ्याआधी लस. डॉक्टरांनी सगळं मनापासून केलं, आणि मामांनीही पंप कधी चुकवला नाही. औषधानं नळ्या जमतील तेवढ्या उघडल्या. ढासळलेल्या भिंती मात्र पुन्हा उभ्या राहत नाहीत, आणि हे डॉक्टरांनी न लपवता सांगितलं.

त्या दवाखान्याच्या बाकांवर बसून मी एक गोष्ट पाहत आले. आकडा आणि धाप यांचं फारसं जुळत नाही. जवळजवळ सारखाच आकडा असलेली दोन माणसं शेजारी बसायची. एक भाजी घेऊन चालत आलेला असायचा, दुसऱ्याला रिक्षातून उतरवून आणावं लागायचं. वैद्यकालाही हे माहीत आहे. पहिल्या सेकंदाची हवा मोजून कुणाला किती धाप लागेल याचा अंदाज कच्चाच येतो. धाप फुफ्फुसात सुरू होते, पण ती जाणवते मेंदूत, आणि वाटेत तिच्यात पुष्कळ काही मिसळतं. मानेच्या स्नायूंचा थकवा, पायांतला गेलेला जोर, मागच्या खेपेला गुदमरल्याची आठवण, घरात आपलं ओझं होतंय ही टोचणी. भीतीनं श्वास भराभर होतो, भराभर श्वासानं हवा आणखी अडकते, अडकलेल्या हवेनं भीती वाढते. हे चक्र सुरू झालेलं मी मामांच्या डोळ्यांत पाहिलं आहे. म्हणून मला वाटतं की या आजारात दोन गोष्टी एकमेकींशेजारी असतात. एक फुफ्फुस आणि दुसरी धाप. पहिलीवर इलाज संपला म्हणून दुसरीवरचा संपत नाही.

धापेलाही माप आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी ते तयार केलं. शून्य ते दहा. शून्य म्हणजे धाप मुळीच नाही, पाच म्हणजे जोराची, दहा म्हणजे सहन होईल तिची शेवटची हद्द. रुग्णाला सपाट मार्गिकेत सहा मिनिटं जमेल तसं चालायला लावायचं, अंतर मोजायचं आणि मग पट्टी पुढे धरून विचारायचं, आता किती? इथं यंत्र नसतं. माणूस सांगेल तो आकडा खरा धरायचा असतो. मला ही पट्टी फार सभ्य वाटते. रुग्णाच्या शब्दावर ती विश्वास ठेवते.

मामांनी पुढे सुया टोचून घेतल्या त्या याच धापेसाठी. मामीच्या ओळखीतून ॲक्युपंक्चरच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता मिळाला. छातीच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पंप सोडायचा नाही. तेवढं कबूल असेल तर करून बघा.” डॉक्टरबाईंच्या खोलीत भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो होता. सोलापुरात तो असण्यात नवल काहीच नाही, त्यांचा जन्म इथलाच, १९१० सालचा. पण ॲक्युपंक्चरच्या खोलीत तो असण्यामागे एक लांबची वाट आहे. जपाननं चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसनं १९३८ मध्ये मुंबईहून पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक तिकडे पाठवलं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. कोटणीस परतलेच नाहीत. आघाडीवर शस्त्रक्रिया करत, कॅनेडियन डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा वाहत, ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच गेले. बिजॉय कुमार बसू परतले. १९५०च्या दशकात ते पुन्हा चीनला गेले, तिथं ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात या उपचाराचं मूळ तिथं रुजलं. पुढे कोटणीसांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या कामातून ते देशात पसरलं. म्हणून शल्यविशारद कोटणीसांचं नाव सुयांच्या दवाखान्यांशी जोडलं गेलं. युद्धभूमीवर गेलेल्या एका सोलापूरकराच्या सोबत्यानं जी विद्या आणली, ती फिरत फिरत एका सोलापूरच्या विणकराच्या मनगटापर्यंत पोहोचली होती. मामा फोटोकडे बघून म्हणाले, “आपल्या गावचा माणूस आहे, मग घाबरायचं काय.”

डॉक्टरबाईंनी सुया काढायच्या आधी पुष्कळ वेळ विचारपूस केली. दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग प्रश्न. “काका, चपलेचा पट्टा लावायला वाकलात की धाप लागते?” “लागते.” “केस विंचरताना? दोरीवर टॉवेल टाकताना?” मामांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. हे कुणी विचारलं नव्हतं. हात डोक्यावर गेले की मानेचे आणि खांद्यांचे स्नायू त्या हातांच्या कामाला लागतात, श्वासाची मदत काढून घेतात, आणि उभ्या जागी माणूस गुदमरतो. मामांनी केस विंचरणं सोडून दिलं होतं. ते म्हातारपणाचं लक्षण असेल असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. “जेवताना?” “भाकरी चावायला वेळ लागतो. घास आणि दम एकदम जमत नाही.” मामी म्हणाली, “म्हणून अर्धीच खातात.” माझ्यासमोर त्यांचा सबंध दिवस उलगडत होता, सकाळच्या अंघोळीपासून रात्री बसून काढायच्या झोपेपर्यंत.

सपाट झोपवणं शक्यच नव्हतं. खाटेच्या उशाशी उशा रचून त्यांना अर्धवट बसतं केलं. सुई इतकी बारीक की खिडकीकडे धरल्याशिवाय नीट दिसत नव्हती, पाव मिलिमीटर जाडीची, पाकिटातून त्या वेळेपुरती काढलेली, नंतर फेकून द्यायची. चिनी परंपरा म्हणते की फुफ्फुसाची वाहिनी छातीतून निघते, दंडाच्या आतल्या कडेनं उतरते आणि अंगठ्याच्या नखापाशी संपते. तिच्यावर प्रत्येक बाजूला ११ बिंदू. पहिला गळ्याच्या हाडाखाली, छातीच्या वरच्या कोपऱ्यात. नववा मनगटाच्या घडीत, अंगठ्याच्या मुळाखाली नाडी उडते तिथं. शिवाय गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक, घोट्याजवळ एक, पाठीवर खांद्यांच्या फऱ्यांमध्ये काही. त्याच परंपरेत फुफ्फुसाचं नातं दुःखाशी सांगितलेलं आहे, आणि ऋतूंमध्ये शरदाशी. शरीरशास्त्राच्या पुस्तकात ही वाहिनी सापडत नाही. मी ती तपासायला गेले नाही. मी मामांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सुई शिरून थोडी फिरवली की त्या जागी एक बोथट जडपणा पसरतो, तो आला की सुई लागली असं समजतात. डॉक्टरबाईंनी विचारलं, “दुखतंय?” मामा म्हणाले, “दुखत नाही, जड झालंय.” मग खोलीत कुणी बोललं नाही. पंखा फिरत होता. मामांचे खांदे, जे वर्षानुवर्षं कानांकडे ओढलेले होते, मी पाहता पाहता खाली आले. मानेच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या सैल पडल्या.

घरी आल्यावर मी शोध घेतला, कारण प्रेमानं पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर फार विसंबू नये. १९८६ मध्ये किम जॉब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेला एक प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. सीओपीडीच्या रुग्णांच्या बारा जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला पारंपरिक बिंदूंवर सुया, दुसऱ्याला गुडघ्याच्या वाटीवर, जिथं कुठलाच बिंदू मानत नाहीत. तीन आठवड्यांनी पहिल्या गटाची धाप दुसऱ्यापेक्षा जास्त कमी झाली होती आणि सहा मिनिटांत ती माणसं जास्त लांब चालत होती. फुफ्फुसाच्या चाचण्यांचे आकडे दोन्ही गटांत होते तिथंच होते. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. फुफ्फुस तेच आणि धाप कमी. दवाखान्याच्या बाकावर जे मला नुसतं जाणवलं होतं, ते इथं मोजून मांडलेलं होतं.

दुसरा प्रयोग जपानमधला, क्योतोच्या परिसरात मासाओ सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. ६८ रुग्ण, त्यांची चालू असलेली औषधं तशीच ठेवलेली, बारा आठवडे, आठवड्यातून एकदा. निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना खोट्या. खोटी सुई बोथट असते आणि त्वचेला टेकली की नाटकातल्या खंजिरासारखी मुठीत सरकते. टोचल्याचा भास होतो, सुई आत जात नाही. बाराव्या आठवड्यानंतर सहा मिनिटं चालवून बोर्गची पट्टी पुढे धरली. खऱ्या सुयांच्या गटाची धाप सरासरी ५.५ वरून १.९ वर आली होती. खोट्यांच्या गटाची ४.२ वरून ४.६ वर गेली होती. चालण्याचं अंतर पहिल्या गटात साठएक मीटरनं वाढलं. साठ मीटर म्हणजे किती, हे निरोगी माणसाला सांगून कळायचं नाही. मामांच्या नकाशात ते गुऱ्हाळाच्या बाकड्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतचं अंतर होतं.

हे प्रयोग लहान आहेत. सुई टोचणाऱ्याला ती खरी की खोटी हे ठाऊक असतं, त्याच्या हातातून, आवाजातून ते रुग्णापर्यंत झिरपू शकतं. क्योतोचे बहुतेक रुग्ण वयस्क पुरुष होते. इतक्यावरून ॲक्युपंक्चर सीओपीडीवर गुणकारी ठरलं असं छातीठोक सांगणं घाईचं आहे. धापेवर ते उपयोगी पडू शकतं, एवढं म्हणायला आधार आहे. ते कसं घडत असेल याचे काही तर्क आहेत. सुईमुळे शरीरातली अफूसारखं काम करणारी द्रव्यं सुटतात, आणि ही द्रव्यं वेदना जशी बोथट करतात तशी धापेची जाणीवही करू शकतात. ओढून ओढून आखडलेले मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू सैल होतात आणि पिंजरा थोडा मोकळा हलतो. मन निवतं, श्वास संथ होतो, संथ श्वासाला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि अडकलेली हवा कमी होते. हे तिन्ही एकदमही घडत असेल. मामांचे उतरलेले खांदे आठवले की मला मधला तर्क फार पटतो.

यात अविश्वसनीय असं काही वाटत असेल तर एका साध्या पंख्याची गोष्ट लक्षात घ्यावी. हातात धरायच्या छोट्या पंख्याचा वारा चेहऱ्यावर, नाकाच्या आणि गालांच्या भागावर घेतला की धाप कमी होते, हे इंग्लंडमधल्या अभ्यासात दिसून आलं आहे. त्या वाऱ्यानं फुफ्फुसाची एकही भिंत दुरुस्त होत नाही. चेहऱ्याच्या नसांमधून मेंदूला हवा मिळत असल्याचा निरोप जातो आणि ओढ शमते. मामा रात्री टेबलपंखा अगदी तोंडासमोर ठेवून बसत. मामी म्हणायची, “सर्दी होईल अशानं.” ते ऐकत नसत. त्यांचं बरोबर होतं.

या उपचाराचा धोकाही सांगायलाच हवा, कारण तो नेमका याच रुग्णांना जास्त आहे. छातीवर आणि पाठीवर त्वचेपासून फुफ्फुसापर्यंतचं अंतर फार नसतं, आणि सीओपीडीनं वाळलेल्या माणसात तर ते सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इतकंच उरतं. आतलं फुफ्फुस फुगलेलं, जागोजागी पातळ झालेलं. सुई सरळ आणि खोल गेली तर त्याला छिद्र पडू शकतं, हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि फुफ्फुस मिटतं. निरोगी माणूस त्यातून निभावेल, मामांसारख्याच्या जिवावर बेतेल. म्हणून जाणता हात छातीवरची सुई तिरपी आणि उथळ घालतो किंवा छाती वगळून हातपायांवरच काम करतो. सुयांनंतर काही तासांतही छातीत अचानक कळ आली, धाप वाढली, तर थेट रुग्णालय गाठायचं, उद्यावर टाकायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. आणि जो कुणी म्हणेल की पंप बंद करा, सुयांनी फुफ्फुस नवं होईल, त्याच्या खोलीतून उठून यायचं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, तो याचसाठी महत्त्वाचा आहे. सुई कुणाच्या हातात आहे हे रुग्णाला समजलं पाहिजे.

मामांचं काय झालं, ते सांगते. त्या थंडीत ते आठवड्याला सुयांना जात राहिले. मशीनमध्ये पुन्हा फुंकलं तेव्हा आकडा होता तिथंच होता. छातीच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि मग मामांकडे पाहून म्हणाले, “तुम्ही आज जिना चढून आलात?” मामा हसले. पिठाच्या गिरणीच्या पायरीचा थांबा गळला होता. ते पुन्हा केस विंचरू लागले होते. भाकरी पुरी खात होते, आणि त्यामुळे पायांत थोडं बळ आलं होतं. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ते तळ्यापर्यंत गेले, गर्दीत नाही, दुपारच्या उन्हात, बाजूला उभे राहून नंदीध्वज कुठल्या वाटेनं गेले ते त्यांनी मला दाखवलं. बोलत बोलत दाखवलं, हे माझ्या दृष्टीनं त्यातलं सगळ्यात मोठं. चालणं आणि बोलणं एकाच वेळी करताना मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. पुढे जाणं-येणं, पैसे, मामीचं आजारपण यांत सुया सुटल्या, धाप हळूहळू परत आली. नंतरच्या एका पावसाळ्यात छातीत संसर्ग झाला आणि ते गेले. सुयांनी त्यांचं आयुष्य वाढवलं असं मी म्हणणार नाही. त्या काही महिन्यांत त्यांचं गाव मात्र मोठं झालं होतं.

कुणी विचारेल, सुयांनी की त्या विचारपुशीनं? आठवड्यातून एकदा कुणीतरी अर्धा-पाऊण तास त्यांच्या श्वासाकडे लक्ष देऊन बसत होतं, स्पर्श करत होतं, घाई करत नव्हतं, याचा वाटा किती? क्योतोच्या प्रयोगात खोट्या सुयांच्या गटालाही तोच वेळ, तोच स्पर्श मिळाला होता आणि त्यांची धाप कमी झाली नव्हती. त्यामुळे सुईचा स्वतःचा काही वाटा आहे असं मला वाटतं. पण विचारपुशीचा वाटा निघाला तरी मला त्यात वावगं दिसत नाही. तो वाटा मोठ्या दवाखान्यालाही देता येतो, त्यासाठी सुई लागत नाही. मामांना केस विंचरताना धाप लागते का, हे विचारायला चीनहून विद्या यायची वाट पाहायला नको होती.

सीओपीडी आपल्या देशात मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. तिच्यावरचा एक उत्तम उपचार म्हणजे देखरेखीखाली शिकवलेला व्यायाम, पायांना आणि हातांना बळ देणारा, श्वास सोडायला शिकवणारा. तो किती गावांत मिळतो? मागांच्या आणि बिड्यांच्या सोलापुरात, मालेगावात, इचलकरंजीत, भिवंडीत, चुलीच्या धुरातल्या पाड्यांवर हे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी मला जे हवंसं वाटतं ते फार महाग नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या छातीविभागात सहा मिनिटं चालवून पाहायला तीस मीटरची मोकळी मार्गिका असावी. बोर्गची पट्टी मराठीत छापून भिंतीला लावलेली असावी, आणि मशीनच्या आकड्याशेजारी केसपेपरवर रुग्णानं सांगितलेला धापेचा आकडाही लिहिला जावा. व्यायामाचा वर्ग असावा. आणि त्याच छताखाली, छातीच्या डॉक्टरांच्या नजरेसमोर, शिकलेला आणि नोंदणी झालेला एक सुयांचा हात असावा. तिथं होणाऱ्या उपचाराची नोंद ठेवावी, आणि चुलीपुढून उठलेल्या बायकांवर तो कितपत चालतो हे आपण आपल्या राज्यात मोजावं, कारण क्योतोच्या प्रयोगातून ते कळत नाही. निकाल सुयांच्या बाजूनं लागला तर त्या सरकारी दवाखान्यात मोफत द्याव्यात. विरुद्ध लागला तर सोडून द्याव्यात. पण धाप मोजायची सुरुवात आजच व्हावी, आणि पहिला आकडा मामीसारखीचा लिहिला जावा, जिला तिच्या खोकल्याबद्दल आजवर कुणी काही विचारलेलंच नाही.